पाचवी चिमणी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. ती मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही. छापून आल्यावर आमच्या घरी काय व्हायचे ते होवो. पण पुढचे सारे सांगायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

भाचीकडे दिवाळीला द्याव्यात म्हणून मी रंगीत पणत्या घ्यायला निघाले होते. दुकान मोठे, काचेचे, आत शिरताच अंगावर शहारा यावा इतके गारेगार. विकणारी मुलगी नाकीडोळी आपल्यातलीच; पण बोलणे सारे इंग्रजीत. मीही मग उसने अवसान आणून, "हाउ मच?" असे विचारले. तिने एक शब्द उच्चारला. तो मला 'फिफ्टीन' असा ऐकू आला. पंधरा रुपयांना इतकी सुबक पणती! मी डझनभर घेतल्या. मनातल्या मनात १८० रुपयांचा हिशेब झाला, आणि गल्ल्यावर पोचले तो कागदावर ६०० रुपये. तो शब्द 'फिफ्टी' होता.

वाचकहो, त्या वेळी एवढेच म्हणायचे होते, "अहो, माझ्या ऐकण्यात चूक झाली, चारच द्या." पण मागे रांग उभी होती आणि समोर ती इंग्रजी बोलणारी मुलगी. वीस वर्षे वर्गात उभी राहून मराठी शिकवणारी मी. परंतु त्या क्षणी मला मराठीही बोलता येईना. मी मुकाट्याने पैसे मोजले आणि पणत्यांचे खोके पोटाशी धरून बाहेर पडले. यजमानांनी किंमत विचारली तेव्हा म्हटले, "स्वस्तच मिळाल्या."

ही माझी फजिती मी कधीच विसरून गेले असते. पण मे महिन्यात मी एटापल्लीला गेले आणि ती पुन्हा जागी झाली.

माझे धाकटे दीर वनखात्यात आहेत. त्यांची बदली तिकडे झाली, तेव्हा आमच्या सगळ्या नातेवाइकांनी त्यांचे सांत्वन केले होते. नागपूरहून गडचिरोली, तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग सागवानाच्या रानातून एटापल्ली. पूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आता सूरजागडच्या डोंगरातील लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची धूळ वाटेवर दिसते. परंतु धूळ ओलांडून जरा आत गेले की रान अजून रान आहे. मोहफुलांचा हंगाम नुकताच संपला होता, चारोळीचा चालू होता, आणि तेंदूपानांचे पुडे उन्हात वाळत पडले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "चला, तुम्हाला आमच्या सिस्टरांची शाळा दाखवते." मला वाटले, कुठली तरी मिशनची टुमदार इमारत असेल. प्रत्यक्षात ती एका साध्या घराची पडवी होती. सिस्टर म्हणजे एका इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका; माहेर अहमदनगरकडचे, पिढीजात मराठी ख्रिस्ती घराणे. मुलगा इकडे नोकरीला, म्हणून त्या येथे येऊन राहिलेल्या. नऊवारी नव्हे, पण स्वच्छ पांढरे सुती पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात फूटपट्टी. समोर बारा बायका चटईवर बसलेल्या. कोणाच्या मांडीवर मूल, कोणाच्या बाजूला बाजाराची टोपली.

फळा नव्हता. पडवीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी बांधलेली, आणि तिच्यावर दिवाळीच्या पताकांसारखी रिकामी वेष्टने टांगलेली: बिस्किटांची, साबणाची, चहाची, दूध पावडरीची, मिठाची. हेच त्या शाळेचे क्रमिक पुस्तक.

"हे काय लिहिलंय?" सिस्टरांनी फूटपट्टी एका वेष्टनावर टेकली.

"एम, आर, पी," बारा जणी एका सुरात म्हणाल्या.

"म्हणजे काय?"

"याच्या वर एक पैसा द्याचा नाही!"

"आणि याच्याखाली?"

"मागून पाहाचा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनात म्हटले, ही व्याख्या आपल्याला तरी इतकी नीट ठाऊक आहे का? छापील किंमत ही दुकानदाराने घेण्याची कमाल मर्यादा आहे, सर्व कर तिच्यात आलेले आहेत, आणि तिच्याहून कमी घेण्यास कोणाचीच मनाई नाही, हे शहरातले किती सुशिक्षित ग्राहक लक्षात ठेवतात?

मग आकड्यांचा पाठ झाला. सिस्टरांनी चटईवर चिंचोक्यांच्या दोन राशी मांडल्या. एक लहान, एक मोठी. "थर्टीन, थर्टी. फोर्टीन, फोर्टी. फिफ्टीन, फिफ्टी." त्या म्हणत, आणि बायका ज्या राशीचे नाव ऐकू येईल त्या राशीवर हात ठेवत. 'फिफ्टीन'ला अर्ध्या जणींचे हात मोठ्या राशीवर पडले. माझे कान गरम झाले.

"चुकलं तर चुकू द्या," सिस्टर म्हणाल्या. "शेवटचा न ऐकू आला तर लहान रास, नाही ऐकू आला तर मोठी. आणि दुकानात गोंगाट असेल, काहीच कळलं नाही, तर काय विचारायचं?"

बारा जणी पुन्हा एका सुरात म्हणाल्या, "वन फाइव्ह, की फाइव्ह झीरो?"

अरेच्चा! इतके सोपे वाक्य. हे मला कोणी शिकवले असते तर माझे ४२० रुपये वाचले असते. आणि त्या रकमेचा आकडाही मला तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आला.

त्या दिवशी आणखी एक पाठ झाला, तो किमतीतल्या नवाचा. सिस्टरांनी एका जाहिरातीचा कागद दाखवला. १९९ रुपये. "वन नाइन्टी नाइन. ही किती झाली?" एक म्हातारी चटकन म्हणाली, "दोनशे. एक रुपया देखाव्याचा." एवढे शहाणपण आपल्या महिन्याच्या खरेदीत असते तर!

वर्ग संपल्यावर मी सिस्टरांजवळ माझ्या मनातली शंका काढली. शंका कसली, तक्रारच. "सिस्टर, तुमची तळमळ दिसतेच आहे. पण इंग्रजीच कशाला? महाराष्ट्राच्या गावात, महाराष्ट्राच्या दुकानात, या बायकांनी मराठीत का नाही किंमत वाचायची?"

त्यांनी काही न बोलता सुतळीवरची तीन-चार वेष्टने उतरवून माझ्या हातात दिली. "बाई, तुम्ही मराठीच्या प्राध्यापक. यातलं मराठी शोधून द्या."

मी उलटसुलट करून पाहिले. एकावर नावाखाली दोन मराठी शब्द होते. किंमत, वजन, तारीख सारे इंग्रजी. पुढे मी नियम पाहिला, तेव्हा उलगडा झाला. वेष्टनबंद मालाविषयीचे २०११ चे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांनुसार वेष्टनावरची आवश्यक माहिती देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. इतर भाषांना मनाई नाही. त्या जोडीला घालता येतात, पण घातल्याच पाहिजेत असे नाही. तेव्हा उत्पादक एकच इंग्रजी वेष्टन छापतो आणि तेच देशभर पाठवतो. आपल्या नोटेवर पंधरा भाषांचा रकाना आहे. त्यात मराठी आहे, या जिल्ह्याच्या दक्षिणेला बोलली जाणारी तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतली बंगाली आहे. गोंडी मात्र नाही. म्हणजे पडवीतल्या त्या बायकांची घरची बोली नोटेवरही नाही आणि नोट देऊन घ्यायच्या वस्तूवरही नाही.

"मराठी छापलं पाहिजे हे तुम्ही लिहा, भांडा," सिस्टर म्हणाल्या. "मी तुमच्या बाजूची. पण ते छापून येईपर्यंत हिच्या लेकराला जुनी दूध पावडर पाजायची का?"

यावर मी काय बोलणार?

मुक्कामात मी रोज त्या वर्गाला जाऊ लागले; पहिले दोन दिवस पाहुणी म्हणून, तिसऱ्या दिवसापासून चटईवर. तेथे मला माझ्याच भाषेविषयी काही गोष्टी कळल्या. वर्गातली एक मुलगी चिंचोके मोजताना पुटपुटे, "उंदी, रंड, मूंड..." हे गोंडीतले एक, दोन, तीन. पुढे मोठे आकडे आले की ती मराठीत शिरे आणि त्रेपन्न-पस्तीसच्या घोटाळ्यात सापडे. इंग्रजीत मात्र तिची गाडी सुरळीत चाले. कारण उघड आहे. 'फिफ्टी थ्री' म्हणताना आधी पन्नास, मग तीन, लिहितानाही तसेच. आपण त्रेपन्न म्हणतो तेव्हा तीन आधी बोलतो आणि पाच आधी लिहितो. शिवाय एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, ही वजाबाकी निराळीच. बाजारात तेलुगू ऐकलेल्या पोराला 'इरवै ओकटि', म्हणजे वीस आणि एक, ही रीत ओळखीची असते. एकवीस ही नव्हे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलांना आकड्यांची धास्ती वाटते, असे मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे समजावून सांगितले होते. जुनी रीत काढून टाकलेली नव्हती. नवी जोडीला दिली होती. तरीही मराठी बुडाली म्हणून स्टाफरूममध्ये हात उंचावून बोलणाऱ्यांत मी होते. एटापल्लीच्या चटईवर, उंदी-रंड-मूंड म्हणणाऱ्या मुलीशेजारी बसून, मी ते शब्द मनातल्या मनात मागे घेतले. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांना हे कळवायचे राहून गेले.

एके संध्याकाळी मी वर्गात एक जुनी हकीगत सांगितली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी विलायतेहून बंगालमध्ये एक मिशनरी आला. विल्यम कॅरी त्याचे नाव. मूळ धंदा चांभाराचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या तरुण साहेबांना देशी भाषा शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले; मराठीसाठी वैजनाथ नावाचे पंडित त्याच्या मदतीला होते. १८०५ साली श्रीरामपूरला त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि त्याला नेहमीच्या व्यवहारातले संवाद जोडले. का? तर नुसते व्याकरण घोकून माणसाशी बोलता येत नाही, हे त्या चांभाराला ठाऊक होते. त्या काळी साहेबाला मराठी येत नव्हते, आणि ते शिकल्यावाचून त्याचे चालणार नव्हते.

हे ऐकून बायकांना अतोनात आनंद झाला. "म्हणजे साहेबबी चटईवर बसून शिकला?" एकीने विचारले. चटई होती की खुर्ची हे मला ठाऊक नाही. पण मी "होय" म्हणून सांगितले. एवढ्या खोटेपणाची क्षमा व्हावी.

मग मी स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी सांगितले. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजात विदर्भातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या, ते ज्यांच्या नावाने १८८३ मध्ये निघाले ते हे स्कॉटिश मिशनरी. १८४५ साली ते नागपुरास आले आणि १८६३ मध्ये पाण्यात बुडून मरण पावले. त्यांनी गोंडांची गाणी, कथा आणि शब्द टिपून ठेवले होते. ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. "तुमचे शब्द दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या जपून लिहून ठेवले आहेत," असे म्हटल्यावर ती उंदी-रंड म्हणणारी मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. आपल्या बोलीतले शब्द पुस्तकात असू शकतात ही गोष्ट तिला एमआरपीपेक्षा नवलाची वाटली.

आता त्या वर्गाच्या शेवटच्या दहा मिनिटांविषयी. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. कारण सुरुवातीला त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु होता.

हिशेब आटोपला की सिस्टर दोन पुस्तके उघडत. एक मराठी बायबल, एक इंग्रजी. त्यातली एखादी गोष्ट सांगत, चार शब्द दोन्ही भाषांत वाचून दाखवत आणि डोळे मिटून लहानशी प्रार्थना करत. मी स्पष्टच विचारले, "सिस्टर, हिशेबाच्या आमिषाने धर्म शिकवता, असं कोणी म्हटलं तर?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणतात ना. म्हणून तर हिशेब आधी आणि गोष्ट मागून. जिला जायचं ती उठून जाते. या बारांत ख्रिस्ती तिघीच आहेत. मी बाई, चाळीस वर्षं इस्पितळात औषधं दिली. देताना मनात हात जोडत होते. पेशंटला कधी जोडायला लावले नाहीत. पण माझा विश्वास घरी ठेवून मी यायचं कसं? तो काही छत्रीसारखा दारात टेकवून ठेवता येत नाही."

त्या संध्याकाळची गोष्ट चिमण्यांची होती. येशूच्या काळी बाजारात खाण्यासाठी चिमण्या विकत. मांस घेण्याची ऐपत नसलेल्यांचे ते अन्न. मत्तयाच्या शुभवर्तमानात भाव दिला आहे, दमडीला दोन. लूकच्या शुभवर्तमानात भाव आहे, दोन दमड्यांना पाच.

"करा हिशेब," सिस्टरांनी चिंचोके पुढे सरकवले. "आपल्या मराठी पुस्तकात दमडी म्हटलंय ते नाणं त्या वेळच्या दिनाराचा सोळावा भाग होतं. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज."

माझ्या डोक्यात एकदम जुने नाणे खणखणले. रुपयाचा सोळावा भाग म्हणजे आणा! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे गेले. पण आमच्या आजीच्या तोंडून 'सोळा आणे खरे' कधी गेले नाही.

"समजा, रोज मिळतो ३२० रुपये," सिस्टर म्हणाल्या. "सोळावा भाग?"

थोडी कुजबुज झाली. मग मागून आवाज आला, "ट्वेंटी रुपीज."

"शाबास. वीस रुपयांना दोन चिमण्या. मग चाळीस रुपयांना किती?"

"फोर!"

"पण दुकानदार देतो फाइव्ह. पाचवीची किंमत किती?"

सगळ्या गप्प. मग ती म्हातारी हळूच म्हणाली, "झीरो. ते फुकटची."

"होय. ती वर घातलेली. जिला भावच नाही अशी. आणि येशू म्हणतो की देवाला तिचाही विसर पडत नाही." सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "बायांनो, दुकानात तुमच्याशी कोणी तुसडेपणाने बोललं, अंगठेबहाद्दर म्हणालं, तर ध्यानात ठेवा. वस्तूची किंमत पाकिटावर असते. तुमची तिथं नसते. ती लावणारा निराळा आहे. तेव्हा भाव विचारायला भ्यायचं नाही."

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. रेव्हरंड टिळकांची, लक्ष्मीबाईंची पुस्तके शिकवलेली. साध्यासुध्या बायकांनाही कळावे अशा सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आपली शेवटची वर्षे कशी वेचली, हेही वर्गात सांगितलेले. पण ते सारे पेपरातल्या प्रश्नाच्या बेताने. पाचव्या चिमणीचा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ऐकताना मला ते गारेगार दुकान दिसत होते आणि पणत्यांचे खोके पोटाशी धरलेली एक प्राध्यापिका दिसत होती. मला तेव्हा इंग्रजी कमी पडले नव्हते. "माझे चुकले" असे म्हटल्याने आपली किंमत उतरेल, या भीतीने माझी जीभ धरली होती.

तेवढ्यात एक बाई उठून म्हणाली, "सिस्टरबाई, एक विचारू? तो व्यापारी चारोळी घेताना काटा मारते. मंग आम्ही चारोळीत थोडे खडे घातले तं?"

वर्गात खसखस पिकली. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटा काटा देवाला आवडत नाही असं याच पुस्तकात आहे, आणि तो काटा कोणाच्या हातात आहे हे देव बघत नाही. खडे घालू नका. काटा पाहायला शिका. आधी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते बघायचं. नसेल तर माप घालू द्यायचं नाही." मग भिंतीवर खडूने लिहिलेल्या आकड्याकडे बोट दाखवले: १९१५. हा ग्राहकांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक. "वन नाइन वन फाइव्ह," सगळ्या म्हणाल्या.

या प्रश्नामागे केवढा इतिहास आहे! मापभर चारोळी घ्यायची आणि बदल्यात मापभर मीठ द्यायचे, असा व्यवहार या रानात एके काळी चाले, असे जुनी माणसे सांगतात. आज त्या चारोळीचा शहरातला भाव आपण दिवाळीच्या श्रीखंडावर, बासुंदीवर ती भुरभुरताना मोजतोच. ज्यांना भाव विचारता आला नाही, त्यांच्या कित्येक पिढ्या त्या मिठाच्या मापात गेल्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्या बायकांबरोबर गेले. मांडीवर मूल घेऊन वर्गात येणारी एक तरुण आई दूध पावडरीचे पाकीट घ्यायला एका दुकानात शिरली. मी मुद्दाम दोन पावले मागे राहिले. तिने पाकीट उलटे केले. बोट हळूहळू अक्षरांवरून सरकू लागले. एम, आर, पी. पुढे वजन. मग बोट थांबले. ई, एक्स, पी. ओठ हलले, बोटांवर महिने मोजून झाले.

"शेठ, हे चालत नाही. दोन महिने झाले याले."

"काही होत नाही त्याला. सगळे नेतात."

मला वाटले, आता ती गप्प बसणार. मी असते तर बसले असते. तिचा आवाज थोडा कापला, पण ती म्हणाली, "एक्सपायरी आहे. मी पोराले देत नाही. दुसरं दाखवा."

दुकानदाराने पाकीट घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. मग एकदम ओशाळून म्हणाला, "बाई, माल गडचिरोलीहून येतो. मी चौथी शिकलेला. हे बारीक इंग्रजी मला तरी कुठं वाचता येतं?"

मी त्याला मनातल्या मनात लबाड ठरवून मोकळी झाले होते. तोही त्याच चटईवरचा निघाला! त्या आईने मुलाला माझ्या कडेवर दिले आणि त्याच्या फळीवरची पाकिटे एकेक करून पाहू लागली. चार पाकिटे तिने बाजूला काढली. त्याचे नुकसान झाले; त्याने ती परत फळीवर ठेवली नाहीत. तिला नवे पाकीट देताना त्याने छापील किमतीहून पाच रुपये कमी घेतले. जाताना त्याने विचारले, "त्या सिस्टरांच्या वर्गाला माणसं चालतात काय?"

संध्याकाळी हे सारे ऐकून सिस्टर म्हणाल्या, "चालतात. चटई मात्र घरून आणायची."

मी परत आले. कॉलेज सुरू झाले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना मी आता रविवारी अर्धा तास शिकवते. सुतळी बांधली आहे, वेष्टने टांगली आहेत. आमचे यजमान तिला 'मामींचा रुखवत' म्हणतात. म्हणू देत. बाईंच्या नातवाच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः वाचली. वाचकहो, तुमच्याही घरी अशा कोणी येत असतील. फराळाचे ताट द्यालच. जोडीला बिस्किटाच्या पुड्यामागची तीन अक्षरे शिकवून पाहा. खर्च काहीच नाही.

आणि हो, परवा त्याच गारेगार दुकानात गेले होते. यंदाच्या पणत्या नव्या नमुन्याच्या आहेत. मुलगीही तीच. तिने किंमत सांगितली आणि मला नेहमीप्रमाणे शेवटचा न ऐकू आला की नाही ते कळले नाही. मागे रांग होतीच.

"बाळ," मी म्हटले, "वन फाइव्ह, की फाइव्ह झीरो?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग छानपैकी हसून अस्सल मराठीत म्हणाली, "पन्नास, काकू. पण गोंगाटात मलाही नेहमी हाच घोटाळा होतो."

मी चार घेतल्या. पाचवी तिने दाखवली. कडेचा टवका उडालेला, म्हणून विक्रीतून बाजूला ठेवलेली. "ही न्या हवी तर, हिला किंमत नाही," ती म्हणाली.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती पणती आमच्या उंबऱ्यावर लागणार आहे.